गळती

मुलगी दाखवताना तिच्या मामांनी विचारलं होतं,
"तिथं तुम्ही नक्की बनवता काय?"
मी म्हणालो, काही नाही.
म्हणजे खरोखरच. 'काही नाही' बनवतो.
आईनं घाईघाईनं पोहे पुढे केले,
वर शेव जरा जास्तच घातली.

एकतीस वर्षं झाली.
इंदूरहून राऊकडे जाताना झाडांआड एक नळी आहे,
पोलादी, गोल फिरून स्वतःलाच मिळालेली.
तिच्यात इलेक्ट्रॉन धावतात
आणि प्रत्येक वळणावर थोडा प्रकाश सांडतात.
त्या प्रकाशात कुणी प्रथिनं बघतं,
कुणी जुन्या नाण्यातली भेसळ.
त्यांचे निबंध छापून येतात.
मी नळीतली हवा काढतो.
मग तापते पट्टे गुंडाळून चार दिवस भाजतो नळीला
आणि धातूत मुरलेल्या हवेची आठवणही काढतो.
(आठवण काढणं इथं उलट्या अर्थानं घ्यावं.)

पहिल्याच आठवड्यात डॉक्टर चक्रपाणि म्हणाले होते,
"खासगीवाले, हातमोजे.
तुमचा अंगठा आत टेकला
तर तो ठसा सहा महिने श्वास सोडत बसेल."
डॉक्टर पुढे मोठे झाले, शाली, पदकं, विमानं.
मी आत कुठंच नाही, एवढीच माझी कामगिरी.
वर्धापनदिनाच्या फोटोत मी नळीच्या मागे आहे,
कोपर तेवढं दिसतं.

मेव्हणा नरहर मात्र बनवतो. शेव.
लवंगेची, लसणाची, आता म्हणे बिटाचीसुद्धा.
छावणीत एक कढई होती त्याची;
आज सांवेर रोडला शेड, चार यंत्रं, दुबईला पेट्या.
दिवाळीला हिला म्हणतो,
"ताई, भावजींना शून्याचा पगार मिळतो, भिया!"
आणि सगळे हसतात. मीही.
विनोद बरा आहे.

परवा रात्री साडेअकराला त्याचाच फोन.
आवाजात ना ताई, ना भिया.
अख्खा माल परत आलेला, शेव मऊ पडलेली,
पाकिटातला नायट्रोजन वाटेतच कुठं तरी उतरून गेलेला.
मी स्कूटर काढली.
हेलियम नाही, यंत्र नाही.
एक बादली मागितली, पाण्यानं भरून.
पाकीट बुडवलं, तळव्यानं हलकं दाबलं,
आणि शिवणीच्या डाव्या कोपऱ्यातून
वर आला
एक बुडबुडा.

एकतीस वर्षांत माझी गळती
पहिल्यांदा डोळ्यांना दिसली.
नाही तर काटा हलतो, यंत्र कुरकुरतं, झालं.
चिकटवणाऱ्या जबड्यात शेवेचा जळका कण अडकला होता,
मोहरीएवढा. नखानं काढला. ठसा राहिला तर राहू दे.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
नरहर म्हणाला, निवृत्त झालात की इकडे या,
दहा टक्के तुमचे, दारावर नाव.
बघू म्हणालो.
घरी येताना सराफ्यात थांबून एकट्यानं गराडू खाल्ले,
दोन प्लेट. का, ते विचारू नका.

सोमवारी नळीच्या सातव्या जोडाशी यंत्र ओरडलं.
रुखसार, आयटीआयची, हातात हेलियमची बारीक तोटी,
अशी धरते जशी कुणी झोपलेल्या बाळाला वारा घालावा.
"सर, इथं."
माझ्या आधी सापडलं होतं तिला.
बोल्ट सोडले, तांब्याची कडी उचलली.
धारेवर आडवा पडलेला एक केस.
पुसलं, नवी कडी बसवली,
बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फिरून फिरून.
संध्याकाळी काटा खाली गेला,
तिथं, जिथं माझं घर आहे.

नोंदवहीत माझ्या अक्षरातली एकतीस वर्षं:
गळती नाही. गळती नाही. गळती नाही.
तिनं हातमोजा काढून लिहिलं:
गळती नाही. केस होता. माझाच असावा.
अशी नोंद आम्ही करत नाही.
पेन माझ्या हातात होतं.
खाडाखोड केली नाही.